शंका-समाधान : घाण्याचा बैल आणि विसाव्याचा दिवस



सुरतेजवळील कडोदऱ्याहून एका मातेने विचारले आहे : "माझे दोघे मुलगे कापडाच्या कारखान्यात पाळीवर जातात. रविवारीही यंत्र थांबत नाही. अशा घराने देवाची तिसरी आज्ञा पाळावी कशी?"

प्रश्न मोलाचा आहे. उत्तरासाठी, ही आज्ञा ज्यांस प्रथम मिळाली त्या यहुदी लोकांच्या पाठशाळेत आपण क्षणभर बसू. मोशेच्या पाच पुस्तकांचे 54 भाग करून ते दर शनिवारी सभास्थानात क्रमाने वाचतात व वर्षात पुरे करतात. त्या त्या भागावर प्रश्न विचारणे हीही ते देवाची सेवाच मानतात. आपणही तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : ही आज्ञा दोनदा आली असता कारणे दोन का? निर्गमाच्या 20 व्या अध्यायात सृष्टीची उत्पत्ती हे कारण आहे. अनुवादाच्या 5 व्या अध्यायात मिसरातील दास्याची आठवण आहे. पहिल्या कारणावरून कळते की दिवस देवाचा आहे. दुसऱ्यावरून कळते की मनुष्य कोणाही धन्याचा गुलाम नाही. यहुदी शास्त्री म्हणतात, देवाने दोन्ही वचने एकाच उच्चारात सांगितली. शुक्रवारी सायंकाळी घरोघरी दोन दिवे लावतात, त्यांचा अर्थ पुष्कळजण असाच सांगतात.

दुसरा प्रश्न : आज्ञेत बैलाचे नाव कशासाठी? ह्याचे उत्तर आपल्या कोकणात मिळते. अलिबागच्या बाजूचे मराठी बोलणारे बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून आले, अशी त्यांची परंपरा आहे. धर्मग्रंथ हाती उरले नाहीत. मात्र 'शमा' ही प्रार्थना, सुंता आणि शनिवारचा विसावा त्यांनी जपला. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी त्यांचे पहिले सभास्थान बांधले ते 1796 साली. त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या हे लोक एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडीत आले. घाणा थांबला की बैलाच्या डोळ्यांवरची झापडही सुटते. मुक्या जनावराला जो विसावा मिळावा, तो मजुराला मिळू नये काय?

तिसरा प्रश्न : कोणाचा जीव धोक्यात असेल तर? यहुदी शास्त्र्यांचा निर्णय स्पष्ट आहे. आज्ञा जगण्यासाठी दिली, मरण्यासाठी नव्हे. म्हणून जीव वाचविण्याकरिता शब्बाथ मोडणे हे कर्तव्यच होय. विहिरीत पडलेल्या बैलाचा दाखला देऊन प्रभू येशूनेही दयेचे कृत्य त्या दिवशी योग्य ठरविले.

आता त्या मातेस उत्तर. बाई, पोटासाठी ज्यांना पाळी चुकविता येत नाही, त्यांच्यावर ख्रिस्तसभा दोष ठेवीत नाही. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पुरे होते. तीही जमत नसेल तर फादरांना भेटून अडचण सांगावी. मात्र अधिक पैशाच्या लोभाने रविवारची जादा पाळी मागून घेणे निराळे. आणि जो धनी कामगारांना विसावाच देत नाही, त्याला देवापुढे जाब द्यावा लागेल.

परंतु एक प्रश्न तुमच्या मुलांनाही विचारावा. त्यांना सुटी मिळते त्या दिवशी घरात विसावा कोणाला मिळतो? मुलगे निजतात, पाहुणे येतात, आणि चूल मात्र दुप्पट पेटते. आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, परका ह्या सर्वांची नावे आहेत. घरातील माताच घाण्याला जुंपलेली राहिली, तर तो दिवस पवित्र पाळला असे म्हणता येईल काय?

वाचकहो, येत्या रविवारी भोजनापूर्वी हा प्रश्न आपापल्या घरी मोठ्याने विचारा, आणि पाण्याची घागर कोण भरतो ते पाहा.