शेक्सपिअरचा पर्मनंट ॲड्रेस

बीड सोडलं, घाट चढला की मांजरसुंबा. इथे रस्ते फुटतात. एक नेकनूर-केजकडे, एक सोलापूरकडे, एक पाटोद्यावरून नगर-पुण्याकडे. चहाच्या टपरीसमोर सॅक टाकून उभी असलेली पोरं बघितली की लगेच कळतं, कोण हिंजवडीला निघालाय आणि कोण सणाला घरी आलाय. आपल्यातले कितीतरी जण अशाच कुठल्या तरी फाट्यावरून शहरात आलेत. मग फ्लॅट शेअरिंग, ईएमआय आणि दर रविवारी आईचा फोन, ‘कधी येतोस रे?’

तर मित्रांनो, आज अशाच एका पोराची गोष्ट. नाव विल्यम शेक्सपिअर!

हसू नका. कॉलेजात आपण त्याला एवढा मोठा करून ठेवलाय की तोही कधी पंचविशीत होता, हे डोक्यातच येत नाही. जन्म १५६४चा. गाव स्ट्रॅटफर्ड, लंडनपासून साधारण १६० किलोमीटर. वडील हातमोजे बनवायचे. अठराव्या वर्षी लग्न, बायको ॲन आठ वर्षांनी मोठी. विसाव्या वर्षी तीन लेकरांचा बाप. युनिव्हर्सिटीची डिग्री नाही, वडिलांचा धंदा घसरलेला. आणि साहेब निघाले लंडनला.

तिथे काय रेड कार्पेट नव्हतं अंथरलेलं. १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीन या डिग्रीवाल्या लेखकाच्या नावाने आलेल्या पुस्तिकेत त्याला दुसऱ्यांची पिसं लावून मिरवणारा कावळा म्हटलं गेलं. ऑफिसात नव्या माणसाला बसतात ना टोमणे, अगदी तसेच. त्यातच प्लेग आला आणि थिएटरं बंद. पठ्ठ्याने त्या काळात दोन दीर्घ काव्यं लिहून छापली.

त्याचा खरा फंडा पुढे आहे. तेव्हा लेखकाला नाटकाचे एकरकमी पैसे मिळायचे, की विषय संपला. (मानधनाच्या चेकची वाट बघणाऱ्या माझ्यासारख्या फ्रीलान्सरला हे वेगळं सांगायला नको!) शेक्सपिअर मात्र नाटक कंपनीत भागीदार झाला. १५९९ मध्ये ग्लोब थिएटर उभं राहिलं, तेव्हा त्याच्या मालकीतही त्याचा वाटा होता. पैसा आला तो तिथून.

पण १५९६च्या ऑगस्टमध्ये त्याचा एकुलता मुलगा हॅम्नेट गेला. अकरा वर्षांचा होता. बापाचं काम शहरात, लेकरं गावी. पुढच्याच वर्षी बापाने स्ट्रॅटफर्डमधलं दुसऱ्या नंबरचं मोठं घर विकत घेतलं. गावाने नाव काढावं असं घर झालं, पण ज्याला ते द्यायचं तोच राहिला नव्हता. त्यानंतर चारेक वर्षांत आलं ‘हॅम्लेट’. त्या नाटकाची कथा जुनीच होती. तरी हे नाव लिहिताना बापाच्या मनात काय झालं असेल?

हेच ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं गोपाळ गणेश आगरकरांनी. १८८२ मध्ये टिळकांबरोबर ते डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, तिथे त्यांनी यावर काम केलं. १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने आलं. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, गरिबीत शिकलेले. एम.ए. होताना त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं होतं, की मुलगा मोठ्या पगारावर जाईल ही आशा धरू नकोस. एकाने घरासाठी पैसा कमावला, दुसऱ्याने आधीच सांगून टाकलं की तो येणार नाही. मला विचाराल तर दुसरं जास्त अवघड. कारण तिथे आईच्या डोळ्यांतलं स्वप्न आपल्या हाताने पुसायचं असतं.

आणि पहिलं तरी कुठे सोपं होतं? शेक्सपिअर लंडनमध्ये वर्षानुवर्षं भाड्याच्या खोल्यांत राहिला. तिथे जागा घेतली ती १६१३ मध्ये, करिअर संपत आल्यावर. १६१६ मध्ये गेला तो स्ट्रॅटफर्डलाच.

ऑफिसच्या फॉर्मवर ‘पर्मनंट ॲड्रेस’ असा एक रकाना असतो बघा. आपण तो घाईत भरतो, गावचा पिनकोडही आठवत नाही. या वेळी जरा थांबून भरा. आणि पिनकोड गुगलवर शोधू नका, घरी फोन करून विचारा!