सेट नवा, पण अँटेना मोजला का?

उमरेडच्या खुल्या कोळसा खाणीत काय किंवा लगतच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय, गाडीवरचा वायरलेस ही चैन नव्हे. म्हणूनच अशा गाडीवर अँटेना बसवून, त्याच गाडीवर मीटर लावून त्याची दांडी योग्य मापाला कापल्याशिवाय कामाचे बिल मंजूर होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. उदाहरणार्थ, 150 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 2 मीटर, तिचा पाव भाग 50 सेंटिमीटर. प्रत्यक्षात दांडी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस सेंटिमीटरवर जुळते. पण नेमकी कुठे, हे मापांचा तक्ता सांगत नाही. टपाचा पत्रा हा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. जीपच्या टपाच्या मधोमध जमलेले माप डंपरच्या कठड्यावर चुकते. एक सेंटिमीटर कापले की जुळणी सुमारे 3 मेगाहर्ट्झने वर सरकते, आणि कापलेली दांडी परत जोडता येत नाही. त्यामुळे सुरुवातीला दांडी लांब ठेवून, गाडीची दारे लावून, दोन-तीन मिलिमीटरच कापायचे. खालच्या चॅनलवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परतते ते दाखवणारा मीटरवरचा आकडा) कमी दिसला तर दांडी अजून लांब आहे. वरच्यावर कमी दिसला तर कटर खाली ठेवावा.

जाणकार म्हणतील, एसडब्ल्यूआर 2 असला तरी 11 टक्केच शक्ती परत फिरते, कानाला फरक कळतही नाही. खरे आहे, आणि 1.1 च्या हट्टापायी दांडी कुरतडत बसण्यात अर्थ नाही. पण 3 वर हा वाटा 25 टक्के होतो, आणि बरेच सेट स्वतःला वाचवण्यासाठी आपली शक्ती आणखी उतरवतात. शिवाय वाईट आकडा अनेकदा तुटलेली केबल किंवा गंजलेले अर्थिंग दाखवतो. उलटही घडते: पाणी शिरलेली केबल परतणारी शक्ती गिळते आणि मीटर खुशाल चांगला आकडा देतो. तेव्हा केबलही तपासायलाच हवी. खाणीच्या खोल कड्याआड आवाज अडतो, त्यावर दांडी कापणे हा इलाज नाही, हेही मान्य. पण म्हणूनच उरलेली शक्ती वाया घालवणे परवडत नाही. मोबाइल आहे ना, हा आक्षेप मला पटत नाही. फोन एकालाच लागतो. वायरलेसवरचा इशारा त्या चॅनलवरचा प्रत्येक चालक एकाच वेळी ऐकतो. मोजमापाला लागतो एक मीटर आणि थोडा वेळ. गाडीच्या लॉगबुकात दांडीची लांबी आणि खालच्या, मधल्या आणि वरच्या चॅनलचे आकडे लिहावेत, आणि पावसाळा संपला की पुन्हा मोजावेत.