मायक्रोवेव्ह फक्त पॉपकॉर्नसाठी?

रविवार संध्याकाळ, मेस बंद. पुण्यात शिकायला आलेल्या कुणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मग वडापाव, मॅगी, नाहीतर चौघींत एक बिर्याणी. सदाशिव पेठेतल्या आमच्या पीजीत गॅसला बंदी, इंडक्शनलाही बंदी. पॅसेजमध्ये मायक्रोवेव्ह मात्र आहे आणि त्यावर काकूंची चिठ्ठी: ‘फक्त गरम करण्यासाठी. स्वयंपाक करू नये.’

गेल्या सेमिस्टरला आमच्या खोलीतल्या दोघींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर ‘भाज्या खा’ म्हणाले. मंडई चालत दहा मिनिटांवर. भाजी आणायची, पण शिजवायची कशावर? त्या चिठ्ठीखालच्या डब्यातच की!

काकूंचा पहिला मुद्दा लाइटबिलाचा. साधारण १२०० वॅट खेचणारा ओव्हन सहा मिनिटं चालला, तर ०.१२ युनिट जळतं. २००० वॅटचा गीझर पाव तास चालला, तर अर्धं युनिट. म्हणजे एका अंघोळीत चार वेळा भाजी होते. (हे गणित सांगितल्यावर गीझरवरच बंदी येईल, या भीतीने मी आधी गप्प होते.)

दुसरा मुद्दा माझ्या आईचाही आहे: ‘ते किरण पोटात जातात.’ नाही जात गं. या लहरी अन्नातलं पाणी तापवतात, ओव्हन बंद झाला की त्याही संपतात. उलट भरपूर पाण्यात भाजी उकळून ते पाणी ओतून दिलं, तर ‘क’ जीवनसत्त्वाचा बराचसा भाग त्याच्यासोबत मोरीत जातो. इथे दोन चमचे पाणी पुरतं, वेळही कमी लागतो.

भेंडीला तर तेवढंही पाणी नको. धुऊन कोरडी केलेली भेंडी चिरायची, तेल-हळद-तिखट चोळायचं, काचेच्या बोलमध्ये झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटं, मध्ये एकदा हलवायची. तार सुटत नाही. मीठ शेवटी. फ्लॉवरला पाण्याचा हबका आणि सैल झाकण. अख्खा बटाटा असेल तर काट्याने टोचा, नाहीतर फुटतो आणि मग पॅसेज पुसत बसा. स्टीलची वाटी आत नको, आइस्क्रीमचा रिकामा डबाही नको.

फोडणीबद्दल खोटं बोलणार नाही. मोहरी तडतडते, पण कढईतला तो खमंगपणा येत नाही. गवार मला अजून नीट जमलेली नाही. आईच्या हातची चव येणार नाही, हे मान्यच. पण आपली स्पर्धा आईशी नाही, मॅगीशी आहे.

रडारच्या कंपनीत काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून या ओव्हनची कल्पना निघाली, असं सांगतात. ते साल १९४५. पुढे त्याने मक्याचे दाणे फोडून पाहिले. आपण अजून त्या पॉपकॉर्नवरच अडकलोय! आणि मुलांनो, ‘आम्हाला येत नाही’ हे इथे चालणार नाही. फोन चार्जिंगला लावता येतो ना?

परवा काकूंना वाटीभर भेंडी नेऊन दिली. ‘मीठ कमी आहे,’ म्हणाल्या, पण वाटी रिकामी परत आली. चिठ्ठी अजून जागेवर आहे. फक्त खाली एक नवी ओळ वाढलीय: ‘मासे चालणार नाहीत.’