विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?



आपल्या खेड्यांतील कॅथोलिक घरांतून पुस्तकांचा संग्रह मोठा नसतो. परंतु जी थोडी पुस्तके असतात ती पिढ्यान्पिढ्या टिकतात. प्रार्थनेचे पुस्तक, एखादे संतचरित्र, गीतांची वही, कडा झिजलेले पवित्र शास्त्र. पहिल्या पानावर आजोबांचे नाव असते, त्याखाली आईचे, आणि त्याखाली कोणाच्या तरी पहिल्या कम्युनियनची तारीख. हे पुस्तक कोणाचे, असा प्रश्न अशा घरात कधी निघत नाही. ज्याने विकत घेतले त्याचे, आणि त्याच्या पश्चात त्याच्या मुलाबाळांचे, हे सर्वांना ठाऊक असते. अलीकडे मात्र पुस्तकाचे एक नवे रूप घरोघरी येऊ लागले आहे, आणि त्याच्या बाबतीत हा साधा प्रश्न विचारणे अगत्याचे झाले आहे.

शहरात किंवा परदेशी नोकरीस असलेला मुलगा नाताळाला घरी येताना पाटीएवढे एक यंत्र घेऊन येतो. त्यास ई-रीडर म्हणतात. त्याचा पडदा कागदासारखा दिसतो आणि मोबाईलच्या पडद्याइतका डोळ्यांना त्रास देत नाही. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. त्यामुळे ज्या वृद्धांचे वाचन दृष्टी मंदावल्याने सुटले होते, त्यांना ते पुन्हा लाभते. शेकडो पुस्तके त्या एका यंत्रात मावतात. अ‍ॅमेझॉन कंपनीने ‘किंडल’ नावाचे असे यंत्र अमेरिकेत २००७ च्या नोव्हेंबरात विक्रीस आणले, आणि २०१६ च्या डिसेंबरापासून त्यावर मराठी पुस्तकेही मिळू लागली. ही सोय चांगली आहे, आणि तिच्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही.

मग अडचण कोठे आहे? ती खरेदीच्या स्वरूपात आहे. शेताचे खरेदीखत करून घेणे निराळे आणि शेत खंडाने कसावयास घेणे निराळे, हे आपणा शेतकरी कुटुंबांना कोणी शिकवावयास नको. कागदी पुस्तकाची खरेदी ही खरेदीखतासारखी असते. ई-पुस्तकाच्या दुकानात आपण ‘विकत घ्या’ या शब्दांवर बोट ठेवतो, पैसेही पूर्ण मोजतो. परंतु किंडलच्या अटींत स्पष्ट लिहिलेले असते की हे पुस्तक विकलेले नसून ते वाचण्याचा केवळ परवाना दिलेला आहे. तो परवाना दुसऱ्यास विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, वाटताही येत नाही. बहुतेक पुस्तकांना एक अदृश्य कुलूपही असते; त्यामुळे एका कंपनीकडून घेतलेले पुस्तक दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडत नाही.

कागदी पुस्तकाच्या मालकीचा प्रश्न न्यायालयांनी केव्हाच सोडविला आहे. अमेरिकेतील एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीवर छापले होते की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकू नये. न्यूयॉर्कच्या मेसी नावाच्या मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९०८ साली निर्णय झाला की प्रत एकदा विकल्यानंतर तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाची सत्ता चालत नाही. आपल्या देशाचा १९५७ चा ग्रंथस्वामित्वाचा कायदाही पुस्तकाच्या बाबतीत, एकदा प्रसृत झालेल्या प्रतीची मोकळीक मानतो. जुन्या पुस्तकांची दुकाने चालतात, मोठ्या भावाचे पाठ्यपुस्तक धाकट्यास मिळते, ते याच तत्त्वावर.

ई-पुस्तकास हे तत्त्व लागू पडावे की नाही, हा वाद युरोपातही झाला. नेदरलँड्समधील एका व्यापाऱ्याने वाचून झालेली ई-पुस्तके पुन्हा विकण्याचे दुकान काढले होते. १९ डिसेंबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला की हक्कधारकाच्या संमतीवाचून तसे करता येत नाही. न्यायालयाचे एक कारण विचार करण्याजोगे आहे. कागदी पुस्तक वापराने झिजते. ई-पुस्तक झिजत नाही. त्याची ‘जुनी’ प्रत नव्याइतकीच चांगली असते, आणि अशा प्रतींचा बाजार भरला तर लेखकाच्या मोबदल्यास कागदी पुस्तकांच्या जुन्या बाजारापेक्षा अधिक धक्का बसेल. हे म्हणणे अगदीच अवास्तव नाही.

परंतु परवान्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००९ च्या जुलै महिन्यात जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ व ‘अ‍ॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकल्या. ज्याने त्या विक्रीस ठेवल्या होत्या त्यास तसा हक्क नव्हता, हे कारण खरे होते, आणि ग्राहकांचे पैसेही परत केले गेले. तथापि ज्या पुस्तकात राजसत्ता जुने कागद जाळून भूतकाळ पुसते, तेच पुस्तक वाचकांच्या हातून असे नाहीसे व्हावे, याचा लोकांना विलक्षण धक्का बसला. एका शाळकरी विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेल्या टिपा मूळ मजकूर गेल्याने निरुपयोगी झाल्या. त्याने दावा लावला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली, आणि ठराविक कारणांखेरीज पुन्हा असे करणार नाही, असे कंपनीने तडजोडीत मान्य केले.

दहा वर्षांनी याहून मोठी गोष्ट घडली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१९ च्या एप्रिलमध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, आणि जुलैपासून तेथून घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. येथेही पैसे परत मिळाले. ज्यांनी पुस्तकांत टिपा केल्या होत्या त्यांना २५ डॉलर अधिक देण्यात आले. म्हणजे व्यवहारात कोणी बुडाले नाही. पण एखाद्या आईने मुलासाठी खुणा करून ठेवलेली पाने २५ डॉलरांनी परत येत नाहीत. दुकान बंद पडले म्हणून तेथून पूर्वी घेतलेले पुस्तक घरातील फळीवरून उठून जावे, असे कागदी पुस्तकाच्या बाबतीत कधी घडले आहे काय?

यानंतरचा बदल अगदी अलीकडचा आहे. किंडलसाठी घेतलेले पुस्तक आपल्या संगणकावर उतरवून घ्यावे आणि तारेने यंत्रात घालावे, अशी एक सोय अनेक वर्षे होती. सावध वाचक त्या मार्गाने आपल्या पुस्तकांची प्रत घरी राखून ठेवीत. २६ फेब्रुवारी २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनने ती सोय काढून टाकली. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मात्र एक चांगला कायदा अमलात आला. ग्राहकास केवळ परवाना मिळणार असेल, तर विक्रेत्याने ते खरेदीच्या वेळीच उघड सांगावे. नुसते ‘विकत घ्या’ म्हणून त्याची समजूत चुकवू नये, असे तो सांगतो.

ख्रिस्ती मनाने या सर्वांचा विचार कसा करावा? सातवी आज्ञा दोन्ही बाजूंना बांधते. लेखकाने रात्री जागून लिहिलेले पुस्तक, कुलूप मोडून किंवा चोरीच्या ठिकाणावरून फुकट मिळविणे आणि नातेवाइकांत वाटणे, हे पाप नव्हे असे समजू नये. ‘सगळेच करतात’ हे उत्तर पापनिवेदनात चालत नाही. उलट, ज्याने ‘विक्री’ हा शब्द वापरून उसनवारी दिली, त्यानेही सरळ व्यवहार केला असे म्हणता येत नाही. बोलण्यात होय म्हणजे होयच असावे, ही प्रभूची शिकवण व्यापाऱ्यालाही लागू आहे.

आता घरच्या माणसांनी प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, घेण्यापूर्वी विचार करा. एकदा वाचून बाजूला ठेवावयाचे पुस्तक परवान्यावर घेतले तरी बिघडत नाही, आणि बहुधा ते स्वस्तही पडते. परंतु जे पुस्तक मुलांना ठेवावयाचे आहे, ज्यात नावे लिहावयाची आहेत, ते कागदावर घ्या.

दुसरी गोष्ट, बिनकुलुपी पुस्तके पुष्कळ आहेत, त्यांचा लाभ घ्या. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली आणि लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली निवर्तल्या. त्यांचे लेखन आज कोणीही छापावे, उतरवावे, वाटावे. मराठी विकिस्रोतावर असे जुने ग्रंथ मिळतात. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी १९७१ साली सुरू झालेले प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे. काही प्रकाशकही आपली नवी पुस्तके कुलूप न लावता विकतात. त्यांच्याकडून घेणे म्हणजे प्रामाणिकपणाला प्रामाणिकपणाने उत्तर देणे होय.

तिसरी गोष्ट, अशी पुस्तके यंत्रात कशी घालावीत ते शिकून घ्या. ती बहुधा ‘ईपब’ नावाच्या स्वरूपात असतात. कोबोसारख्या यंत्रात ती तारेने संगणकावरून थेट घालता येतात. किंडलमध्ये तशीच घातली तर उघडत नाहीत. त्यासाठी कंपनीने यंत्राला दिलेल्या ई-मेल पत्त्यावर ती पाठवावीत, म्हणजे वाटेतच त्यांचे रूपांतर होते. किंवा कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेली ‘कॅलिबर’ नावाची विनामूल्य संगणक-प्रणाली वापरून रूपांतर घरीच करावे आणि तारेने घालावे. मूळ प्रत संगणकावर आणि आणखी एका पेनड्राईव्हवर अवश्य ठेवावी. घरातील शाळकरी मुले हे काम तासाभरात शिकतील, आणि आजीला पुस्तक वाचावयास मिळाल्याचे पुण्यही त्यांना लाभेल.

चौथी गोष्ट, खात्याची माहिती एकट्याच्या डोक्यात ठेवू नका. घरातील कर्ता माणूस अकस्मात गेला तर त्याच्या खात्यातील पुस्तके कोठे आहेत हेही कोणास कळत नाही. ज्या बिनकुलुपी प्रती आहेत, त्या जमिनीच्या कागदपत्रांइतक्याच जपून कोठे ठेवल्या आहेत, हे पत्नीला व मुलांना सांगून ठेवा.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मूळचे इंग्लंडचे आणि १५७९ साली गोव्यास आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही ग्रंथ मेला नाही; कारण भाविकांनी त्याच्या हस्तलिखित प्रती करून जपल्या होत्या. कोणा एकाच्या कोठारावर तो अवलंबून राहिला नाही. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला, आणि आज आपणास वाचावयास मिळतो.

पुस्तक टिकते ते अशा रीतीने, अनेक घरांत आणि अनेक हातांत प्रती असल्याने. यंत्रे बदलतील, कंपन्या येतील आणि जातील. नव्या साधनाचा आनंदाने उपयोग करा. मात्र ज्या शब्दांवर आपल्या मुलांची श्रद्धा आणि भाषा पोसली जावयाची आहे, त्यांची किल्ली परक्याच्या खिशात ठेवू नका.