टॉवेलला खुंटी नको, दांडी हवी!

माझ्या मावशीचं घर वाराणसीत ब्रह्माघाटाजवळच्या एका गल्लीत आहे. गल्ली इतकी अरुंद, की समोरून गाय आली तर आपणच कुणाच्या तरी उंबरठ्यावर चढून तिला वाट द्यायची. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. काशीचं आणि महाराष्ट्राचं नातं जुनंच आहे. १६७४ साली शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे, आणि त्यांचं घराणं मूळचं पैठणचं!

गेल्या श्रावणात मी मावशीकडे गेले. प्रवासातून आल्यावर हात-पाय धुतले आणि मोरीजवळच्या खुंटीवरचा टॉवेल ओढला. थंडगार, जड आणि कुबट वासाचा!

‘‘अगं, तो नको घेऊस,’’ मावशी घाईघाईनं म्हणाली, ‘‘नातवाला नायटा झालाय. तिसऱ्यांदा!’’

नातू दहावीतला. पहिल्यांदा चट्टा उठला तेव्हा घरच्यांनी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. चार दिवसांत खाज थांबली. पंधरा दिवसांनी दुप्पट चट्टे. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, बरं वाटलं म्हणून मधेच थांबवल्या. आता तिसऱ्या खेपेला त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळंच विचारलं, ‘‘घरात टॉवेल किती जणांत एक? आणि तो वाळतो कुठे?’’

‘‘मला तर रागच आला,’’ मावशी म्हणाली. ‘‘म्हटलं, औषधाचं बोलायचं सोडून हा टॉवेलचं काय विचारतोय!’’

पण वाचकहो, डॉक्टरांचा प्रश्न अगदी नेमका होता. नायटा ही बुरशी. तिला ऊब आणि ओल हवी. अंग पुसताना त्वचेचे बारीक कण टॉवेलला चिकटतात, त्यांच्याबरोबर ही बुरशीही जाते. तोच ओलसर टॉवेल दुसऱ्यानं वापरला की तिला नवं घर मिळालं! आपल्याकडे गेल्या काही वर्षांत नायट्याची साथच पसरलीय. त्यातल्या एका चिवट बुरशीला २०२० साली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव देण्यात आलं. नेहमीच्या टर्बिनाफिनसारख्या औषधालाही ती पुष्कळदा दाद देत नाही. दुकानातून परस्पर आणलेल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल तर खाज तेवढी थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. म्हणूनच औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं पूर्ण घ्यायचं, आणि घरातला टॉवेल कोरडा ठेवायचा. दोन्ही हवं.

मावशीनं मान डोलावली आणि म्हणाली, ‘‘कोरडा ठेवायचा म्हणजे कुठे ठेवायचा, ते सांग!’’

तिचंही खरं होतं. काशीत ऊन कमी नाही, पण ते घरात येत नाही. गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि घाट तिच्या पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून बसलेत. त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं. धोबी भल्या पहाटे कामाला लागतात आणि तापत्या दगडी पायऱ्यांवर चादरी, साड्या पसरतात, त्यामागे हे गणित आहे. दुपार कलली की मागच्या उंच वाड्यांची सावली घाटावर उतरते. पावसाळ्यात तर गंगा चढते आणि पायऱ्याच पाण्याखाली जातात. वाळवणाची जागाच नाहीशी!

मग गच्ची? गच्चीवर ऊन आहे, वारा आहे आणि माकडं आहेत. काशीतल्या माकडांनी पळवलेल्या कपड्यांचे किस्से घरोघरी ऐकायला मिळतात. कितीतरी गच्च्यांना म्हणूनच लोखंडी जाळ्या बसवल्यात. मावशीच्या गच्चीला जाळी नाही. राहिली मोरीजवळची खुंटी. पाच माणसं, दोन खुंट्या, तीन टॉवेल.

त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. टॉवेल वाळतो म्हणजे काय होतं? त्यातलं पाणी वाफ होऊन हवेत जातं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : कापडाचा जास्तीत जास्त भाग उघडा हवा, त्यावरून हवा वाहायला हवी आणि त्या हवेत पाणी सामावायला जागा हवी. खुंटीवर यातली पहिलीच गोष्ट हुकते. टॉवेल एका बिंदूपाशी गोळा होतो, चुण्या एकमेकींना चिकटतात. बाहेरून कोरडा वाटतो, आत मात्र सकाळची ओल रात्रीपर्यंत तशीच.

त्यातून आपला टॉवेलही जाडजूड. हे टर्किश प्रकरण तसं परकं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेन्‍री क्रिस्टी नावाच्या इंग्रज गृहस्थानं तुर्कस्तानातलं फासे काढलेलं कापड पाहिलं. मग त्याच्या घरच्या कारखान्यात तसं कापड यंत्रावर विणण्यात आलं, आणि १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते मांडलं गेलं. आपल्याकडे सोलापूरनं त्यात नाव काढलं. सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. दोन्ही अंगांना असलेले हे सुती फासे पाणी भराभर पितात, पण प्यालेलं पाणी सहजी सोडत नाहीत. त्या मानानं बनारसी माणसाचा गमछा किंवा आपला पंचा बघा. पातळ, एकपदरी. गंगेत बुडी मारायची, अंग पुसायचं, गमछा पिळून खांद्यावर टाकायचा. घरी पोहोचेपर्यंत निम्माशिम्मा वाळलेला!

‘‘मग सरळ पंखा लावूया ना,’’ नातू म्हणाला. दुसऱ्या दिवशी तोही प्रयोग केला. खोलीत दोरी बांधली, धुतलेला टॉवेल टाकला. बाहेर पाऊस, म्हणून खिडकी बंद. पंखा दिवसभर गरगरला. संध्याकाळी टॉवेल दमट आणि खोलीतली उशीही दमट!

असं का झालं? हिशेब सोपा आहे. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. २८ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २७ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ धरते. म्हणजे सगळी खोली मिळून पाऊण किलो. पण पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्यातली बहुतेक जागा आधीच भरलेली. शिल्लक राहते ती सव्वाशे ग्रॅमपेक्षाही कमी पाण्यापुरती. आणि साडेचारशे ग्रॅमचा टॉवेल धुऊन हातानं पिळला तरी त्यात जवळपास त्याच्या वजनाइतकं पाणी राहतं! थोडक्यात, बंद खोलीत एका टॉवेलचंही पाणी मावत नाही. पंखा फक्त तीच ओली हवा फिरवत राहतो. खिडकी बोटभर उघडी हवी, नाहीतर बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. बाहेरची हवा दमट असली तरी ती सतत बदलत राहते, म्हणून उपयोग होतो. काशीतल्या जानेवारीच्या धुक्यात हीच अडचण आणखी वाढते, कारण थंड हवेत पाणी मावतंच कमी. १५ अंशांना उन्हाळ्याच्या मानानं निम्म्याहूनही कमी.

दोरीचाही एक दोष लक्षात आला. एकाच दोरीवर टॉवेल मधोमध टाकला, की त्याचे दोन्ही पदर समोरासमोर, जेमतेम बोटभर अंतरावर लोंबतात. मधली हवा कोंडते, आतल्या बाजू ओल्याच राहतात. मी मावशीला आमच्या मुंबईतल्या महालक्ष्मीच्या धोबीघाटाबद्दल सांगितलं. तिथे दोन दोऱ्यांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो. त्या पिळातच कपड्याचं टोक खोचायचं. चिमटा लागत नाही, वाऱ्यानं कपडा उडत नाही आणि तो एकपदरी लटकतो. दोन्ही अंगांनी वारा!

‘‘एवढी लांब दोरी बांधायला घर कुठाय इथे?’’ मावशी म्हणाली आणि सवयीनं वर बघितलं. चौकाभोवतीच्या सोप्यात, छताखाली, एक जुनी लाकडी दांडी दोरांनी टांगलेली होती. मावशीच्या सासूबाईंची सोवळ्याची दांडी! पूर्वी धुतलेलं सोवळं कुणाचा हात लागू नये म्हणून उंच दांडीवर काठीनं वाळत घालत. त्यामागचा विटाळाचा विचार मागे पडला, ते उत्तमच झालं. पण वस्तू म्हणून ती दांडी बघा : छताखाली, जिथे घरातली ऊबदार हवा चढते, चौकाच्या कडेला, जिथे वारा खेळतो, आणि कपडा पूर्ण पसरलेला. शिवाय खाली माणसांना वावरायला जागा मोकळी. मुंबईच्या फ्लॅटमध्ये आपण कप्पीचे पाइप बसवून घेतो, ते तरी दुसरं काय आहे?

कमी होती ती एकाच गोष्टीची. म्हणून जुन्या दांडीला समांतर, एक वीत अंतर सोडून, दुसरा बांबू टांगला. टॉवेल दोन्हींवर मांडवासारखा टाकायचा. आता दोन पदरांमध्ये वीतभर मोकळी हवा. सुताराला बोलवावं लागलं नाही. नातवानं आणि त्याच्या बाबांनी मिळून तासाभरात काम केलं. खुंटीवर दुसऱ्या सकाळीही ओला राहणारा टॉवेल त्या दिवशी पाऊस असूनही रात्रीच्या जेवणाच्या आत कोरडा झाला.

दांडीबरोबर मावशीनं घरात काही नियमही घातले. तुम्हालाही ते करून बघण्यासारखे आहेत :

प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. ओळखू यावा म्हणून कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचा टाका.

रोज अंग पुसायला पंचा किंवा पातळ टॉवेल. जाड टर्किश फक्त केसांसाठी. पावसाळ्यात तर नक्कीच.

टॉवेल वाळत घालण्यापूर्वी जोरात झटकायचा. दबलेले फासे मोकळे होतात. मशीन असेल तर पिळण्याचं चक्र जास्त वेगाचं लावायचं. पिळून गेलेलं पाणी वाळवावं लागत नाही.

पाणी खालच्या कडेला उतरतं, म्हणून दोन तासांनी टॉवेल उलटा करायचा.

एकच दोरी असेल तर एक पदर लांब, एक आखूड ठेवायचा. निदान थोडा भाग तरी एकपदरी राहतो.

घरात नायटा असेल तर त्या माणसाचे कपडे, टॉवेल वेगळे, गरम पाण्यात धुवायचे आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालायची नाही.

मऊपणासाठी वापरायची द्रावणं टॉवेलला टाळायची. त्यानं टॉवेलची पाणी टिपण्याची ताकद कमी होते, मग आपण तोच जास्त वेळ घासत बसतो.

मी परत आल्यावर दोन महिन्यांनी मावशीचा फोन आला. नातवाच्या गोळ्यांचा क्रम पूर्ण झाला होता, चट्टे गेले होते, आणि घरात दुसऱ्या कुणाला लागण झाली नव्हती. श्रेय औषधाचं की दांडीचं? दोघांचंही, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. ‘‘आणि मोरीजवळची खुंटी?’’ मी विचारलं. ‘‘तिथे आता भाजीची पिशवी टांगते,’’ मावशी हसली.

हे वाचून झालं की एकदा तुमच्याही बाथरूमच्या दारामागे डोकावून बघा. तिथल्या खुंटीवर टॉवेल असेल, तर त्याच्या मधल्या चुणीत हात घाला. ओल लागली, तर या रविवारी घरातल्या कुणाला तरी कामाला लावा. एक वीत अंतरावर दोन दांड्या, एवढंच तर करायचंय!