गॅरेजमधला व्यायाम आणि दमट हवा

रत्नागिरीचा जून. मुलाने गॅरेजात डंबेल्स मांडले. वर पत्रा, शटर बंद. तिसऱ्याच दिवशी घामाने निथळत, चक्कर येऊन तो खाली बसला. अम्मीचा जीव वरखाली!

दमट हवेत घाम लवकर सुकत नाही आणि घाम सुकल्याशिवाय अंग नीट थंड होत नाही. पंख्याने हवा कोरडी होत नाही, पण ती अंगावरून वाहती राहिली की घाम सुकतो. म्हणून आता शटर उघडे, समोर पंखा, मागे एक्झॉस्ट. व्यायाम फजरच्या नमाजनंतर, पत्रा तापण्याआधी. डंबेल्स गंजू नयेत म्हणून पुसून तेलाचा हात फिरवायचा.

चक्कर किंवा मळमळ वाटली तर लगेच थांबा, मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या. शरीर अल्लाहची अमानत आहे. ताकद कमावताना ती जपा.