१०८ घागरी अजून ओतताहेत

२० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. मागोमाग हजारोंनी घेतलं. नंतर सवर्णांनी काय केलं? तळं बाटलं म्हणाले. १०८ घागरी भरल्या. शेण, गोमूत्र, दूध, दही. भटांनी मंत्र म्हटले आणि सगळं तळ्यात ओतलं. झालं तळं शुद्ध!

आता ही शुद्धी शास्त्राच्या काट्यावर टाका. शेणात काय? नत्र आणि स्फुरद. मुतात मुख्यतः नत्र. दुधादह्यात पुन्हा दोन्ही. शेतात आपण खत घालतो ते हेच. जमिनीत पडलं तर पीक येतं, तळ्यात पडलं तर शेवाळ आणि जलपर्णी येते. म्हणजे ज्यांनी तळ्यातून फक्त पाणी घेतलं ते बाटवणारे, आणि ज्यांनी शेण ओतलं ते पवित्र! १०८ घागरींनी तळं मरत नाही, कबूल. पण टाळकं तेच राहिलंय. आता घागरींच्या जागी नाले आलेत, एवढंच.

पवईला जाऊन बघा. १८९१च्या सुमाराला मुंबईला प्यायला पाणी हवं म्हणून हा तलाव बांधला. आज ते पाणी कुणी तोंडात घेईल? वर जलपर्णीची हिरवी सतरंजी, खाली काळा गाळ. आजूबाजूचं सांडपाणी वर्षानुवर्षं तलावात उतरतंय. त्यातलं स्फुरद खाऊन जलपर्णी माजते. ती मरते, तळाशी जाते, कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. मासे तडफडून वर येतात.

आणि मग साहेब लोक बोट कुणाकडे दाखवतात? झोपडपट्टीकडे! अरे, झोपडीत नळाचं पाणी हंड्याने मोजून येतं. टॉवरमधला माणूस एका बटणासरशी बादलीभर पाणी ओतून मोकळा होतो. आणि वस्तीत मलवाहिनी टाकायची कुणी? वस्तीने? लाईन तुम्ही टाकायची नाही, आणि घाणेरडे आम्ही?

यावर त्यांचा इलाज ठरलेला. गाळ काढा. टेंडर काढा. मी गोदीत काम करतो. गाळ उपसणारं ड्रेजर रोज बघतो. गोदीत गाळ काढावाच लागतो, कारण भरती-ओहोटी तो परत आणून टाकते. समुद्राला कोण अडवणार? पण तळ्याला कुठली आलीय भरती? तिथली घाण नाल्यातून येते आणि नाल्याचं तोंड बंद करता येतं. ते न करता गाळ उपसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

गाळ काढूच नका असं मी म्हणत नाही. गाळात जुनं स्फुरद लोखंडाला धरून बसलेलं असतं. तळाशी प्राणवायू संपला की लोखंड त्याला सोडतं आणि ते पुन्हा पाण्यात येतं. सावकाराच्या वहीसारखं आहे हे. नवं कर्ज थांबलं तरी जुन्याचं व्याज चालूच. स्वीडनमध्ये व्हेक्शो गावाजवळ ट्रुमेन नावाचं तळं आहे. १९५८ साली त्यात जाणारं सांडपाणी बंद केलं, तरी तळं सुधरेना. मग १९७०-७१ साली वरचा मीटरभर गाळ यंत्राने शोषून काढला. गाळातून निथळलेलं पाणीसुद्धा स्फुरद काढूनच परत सोडलं. तळं सुधारलं. अमेरिकेत सिॲटलचं वॉशिंग्टन सरोवर घ्या. १९६३ ते १९६८मध्ये त्यात जाणारं सांडपाणी दुसरीकडे वळवलं. गाळ न उपसताच काही वर्षांत ते निवळलं. नीट बघा. दोन्ही ठिकाणी पहिलं काम एकच : सांडपाणी बंद. गाळ काढायचा की नाही, हा सवाल नंतरचा.

मग आपल्याकडे उलटी गंगा का? कारण नाला बंद झाला तर एकदाच पैसा मिळतो. गाळ राहिला तर दरसाल मलिदा. गाळ पाण्याखाली असतो. किती काढला कोण मोजणार? पवईचं जादा पाणी मिठीत जातं. त्याच मिठीच्या गाळउपशात पासष्ट कोटींहून जास्त रकमेचा घोटाळा झाला म्हणून २०२५ साली मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. गाळ टाकण्याच्या जागांचे खोटे कागद दाखवल्याचा आरोप आहे. निकाल कोर्ट देईल. पण च्यायला, चिखलातही ज्यांचे हात स्वच्छ राहतात असे लोक आम्ही फार पाहिलेत.

आणि ज्यांचे हात घाण होतात ते? ढोपरभर नाल्यात उतरून फावडं मारणारा, उघड्या हातांनी जलपर्णी ओढणारा कंत्राटी माणूस बघा. त्याला जात विचारायची गरजच पडत नाही. काम बघितलं की जात कळते. तळ्यावर पाणी प्यायला आमचा हात चालत नव्हता. तळ्यातली घाण काढायला मात्र आमचाच हात लागतो. ही कसली तुमची पर्यावरणाची पूजा?

म्हणून आपलं मागणं साफ आहे. आधी नाले अडवा. वस्तीत मलवाहिनी टाका, टॉवरचं सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय तळ्यात एक थेंब सोडू नका. मग गाळ मोजा, त्यात काय आहे ते तपासा, आणि काढायचाच तर यंत्राने काढा. काढलेली जलपर्णी काठावर कुजत टाकू नका, तिच्यातलं खत पावसाबरोबर पुन्हा आत जातं. ट्रकागणिक हिशेब वस्तीच्या चौकात फळ्यावर लावा. आणि माणूस गाळात उतरवू नका. उतरवायचाच असेल तर पहिल्यांदा टेंडरवर सही करणाऱ्याला उतरवा.

बाबासाहेब चवदार तळ्यावर तहान भागवायला गेले नव्हते. आम्हीही माणसं आहोत हे दाखवायला गेले होते. तळं आमचंही आहे, हे तेव्हाच ठरलं. ते तुम्हाला बाटवू देणार नाही.

जय भीम!